घड्याळ नको, बोटाचा ठसा बघा

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराच्या टपालात एकच विषय जास्त दिसायला लागतो, घरी केलेला गोड ब्रेड. एरवी एकट्याने पटकन उरकायचा पदार्थ सुट्टीत सगळ्यांनी मिळून करायचा ठरतो आणि मग अडचणीही सगळ्यांच्या मिळून येतात. या वेळी सात पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांतली अडचण मुळात तीच आहे.

ताई, कृतीत लिहिलेलं असतं, ‘तासाभरात पीठ दुप्पट फुगेल.’ आमचं तासाभराने जेमतेम सव्वापट होतं. मुलं दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतात, शेवटी कंटाळून मी तसंच ओव्हनमध्ये ढकलते आणि वीट बाहेर येते. यीस्ट नवं असतं, दूध कोमट असतं. मग चुकतं कुठे?
*दोन मुलांची आई*

चूक त्या ‘तासाभरात’ या शब्दाची आहे. तुमचं पीठ बहुतेक अगदी नीट चाललेलं होतं, त्याला फक्त आणखी तासभर हवा होता.

साध्या ब्रेडचं आणि गोड ब्रेडचं पीठ एकाच चालीने फुगत नाही. यीस्ट साखर खातं हे खरं. त्यामुळे साखर जास्त घातली की ते जास्त जोमाने काम करेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. साखर पाणी ओढून घेते. पिठात साखर वाढली की ती यीस्टच्या पेशींतलंही पाणी बाहेर खेचू लागते आणि त्या मरगळतात. मैद्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे साखर गेली की हा फरक डोळ्यांना दिसायला लागतो. म्हणजे अर्धा किलो मैद्यात पन्नास ग्रॅमच्या वर. गोड ब्रेडमध्ये आपण पाऊणशे ते शंभर ग्रॅम सहज घालतो. वर लोणी, वर अंडं. एवढं ओझं पाठीवर घेऊन यीस्ट धावणार नाही, चालेल.

दुसरी गोष्ट ऊब. मळून झालेल्या पिठाचं तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असेल तर छान. त्याहून आठ-दहा अंश थंड असेल तर वेळ ढोबळमानाने दुप्पट लागतो. कृती लिहिणाऱ्याच्या ओट्याजवळ किती ऊब होती हे तुम्हाला ठाऊक नसतं, मग त्याचा एक तास तुमचा कसा होईल?

म्हणून घड्याळाकडे पाठ करा. उभट, सरळ कडांच्या पारदर्शक भांड्यात पीठ ठेवा आणि त्याची वरची पातळी जिथे आहे तिथे बाहेरून रबर बँड चढवा. मुलांना झाकण न उघडता बघायला काहीतरी मिळतं आणि तुम्हालाही ‘दुप्पट’ म्हणजे नक्की किती हे कळतं. पातळी दुप्पट दिसली की तर्जनी कोरड्या पिठात बुडवून गोळ्यात दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. खळगा तसाच राहिला तर झालं. लगेच भरून आला तर पुन्हा झाकून ठेवा.

आकार दिल्यानंतरच्या दुसऱ्या फुगण्याला मात्र खूण वेगळी आहे. इथे बोट खुपसायचं नाही, कडेला हलकेच दाबायचं. ठसा टुणकन वर आला तर थांबा. हळूहळू अर्धामुर्धा भरला आणि थोडी खूण राहिली तर ओव्हन तयार हवा. ठसा अजिबात हललाच नाही आणि गोळा सुस्कारा सोडल्यासारखा बसला, तर उशीर झाला. तेव्हाही फेकू नका. हवा काढा, पुन्हा आकार द्या, पुन्हा फुगवा. एकदा हे चालून जातं.

तुमचं दूध कोमट असतं असं लिहिलंय, तरी एक सांगते, कारण मी यात चांगलीच पोळले आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत घरात अकरा माणसं होती आणि मी किलोभर मैद्याचा गोळा मळला होता. दूध ‘कोमट’ होतं, म्हणजे वाफा जेमतेम थांबलेल्या. तीन तासांनी गोळा जिथल्या तिथे. मी मोरीशी उभी राहून तो टाकायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी हातातलं भांडं काढून घेतलं. वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात नवं यीस्ट कालवलं, ते फेसाळेपर्यंत गप्प उभ्या राहिल्या आणि मग ते मिश्रण त्याच गोळ्यात थोडं थोडं मुरवत, चिकट झालं की मैद्याची चिमूट घेत, पुन्हा मळायला लागल्या. रात्री साडेदहाला ब्रेड झाला. सगळे जागे होते. यीस्ट मरतं साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास. आंबणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, पण मला ते पटलं त्या रात्री. दुधात करंगळी बुडवा. दहा सेकंद आरामात ठेवता आली पाहिजे.

नेमकं प्रमाण द्याल का? वाटी-चमच्यात नको, वजनात. आणि आम्ही अंडं खात नाही.
*वजनकाटा नुकताच घेतलेला एक वाचक*

वजनकाटा घेतलात, हे उत्तम केलंत. मैदा दाबून भरला की भुरभुरत भरला यावर वाटीचं वजन बदलतं. काट्यावर ते होत नाही.

माझं नेहमीचं प्रमाण असं आहे. मैदा ५०० ग्रॅम, दूध २५० मिली, एक अंडं, साखर ७५ ग्रॅम, मऊ लोणी ७५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. यात एक मोठी वेणी होते किंवा दोन लहान साचे भरतात. अंडं नको असेल तर ४०-४५ मिली दूध आणि १५ ग्रॅम लोणी वाढवा. ब्रेड थोडा कमी पिवळसर होईल, मऊपणात फार कमी पडणार नाही. वरून लावायला अंड्याऐवजी दूध चालतं.

इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. पुडीवर ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ लिहिलेलं असेल तर ते आधी ४० अंशांच्या आसपासच्या दुधात चिमूटभर साखरेसह दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर ते यीस्ट बाद समजा आणि मैदा वाचवा.

लोणी सोडून सगळं आधी एकत्र मळून घ्या. लोणी सगळ्यात शेवटी, हे मात्र कटाक्षाने पाळा. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळून मळणी झाली की त्यांची लवचिक जाळी तयार होते, तिलाच ग्लुटेन म्हणतात. यीस्टने सोडलेला वायू तीच धरून ठेवते. स्निग्ध पदार्थ आधीच घातला तर तो या धाग्यांना वेढून बसतो आणि जाळी विणायला वेळ लागतो. म्हणून आधी सात-आठ मिनिटं मळा, मग लोणी बोराएवढं बोराएवढं घालत जा. या टप्प्यावर पीठ फाटल्यासारखं, गिळगिळीत होईल. घाबरून मैदा ओतू नका. पुढच्या पाच-सात मिनिटांत ते पुन्हा एकजीव होतं, भांडं सोडतं आणि कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता इतका पातळ पडदा झाला की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा, की मळणी झाली.

मशीनने मळलं तर चालतं का? सगळे म्हणतात, हाताची चव येत नाही.
*मनगट दुखणारी गृहिणी*

खुशाल मशीनने मळा. चव येते ती आंबण्यातून आणि भाजण्यातून. फक्त मशीन फिरताना पीठ तापतं, म्हणून दूध कोमट न घेता साधंच घ्या.

आमच्याकडे सुट्टीत ऐंशीच्या सासूबाईंपासून पाच वर्षांच्या नातीपर्यंत सगळे असतात आणि सगळ्यांनाच हात लावायचा असतो. मळताना चार हात, आकार देताना सहा, आणि मध्ये दोन तास काहीच नाही म्हणून सगळे पांगतात. पोरं मोबाईल घेऊन बसतात. हे नीट कसं जमवायचं?
*मोठ्या कुटुंबातली थोरली सून*

हे पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या घरातलंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं.

एका दिवसात सगळं बसवू नका, दोन दिवसांत वाटून टाका. संध्याकाळी मळा, अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकून फ्रिजमध्ये. आठ ते बारा तास पीठ तिथे सावकाश फुगत राहतं. त्याने चव वाढते, आणि सकाळी लोणी थिजलेलं असल्यामुळे गोळा हाताला चिकटत नाही. लहान मुलांना आकार द्यायला असं गार पीठच द्यावं. उबदार पीठ त्यांच्या हातात लोळागोळा होऊन जातं आणि मग रडारड होते. आकार दिल्यावर मात्र गार पिठाला दुसऱ्यांदा फुगायला दीड-दोन तास लागतील, तो वेळ न्याहारी-आंघोळीत निघून जातो. मधला रिकामा वेळ, ज्यात सगळे पांगतात, तो तुम्ही झोपेत काढलेला असतो.

कामं वयाप्रमाणे न देता हातांप्रमाणे द्या. पाच वर्षांच्या मुलीला वजनकाट्यावरचा आकडा वाचायला द्या. ‘पाचशे झाले की थांब म्हण.’ ती अतिशय कडक पहारेकरी होते. बेदाणे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून फडक्यात कोरडे करणं, हे सात-आठ वर्षांच्या मुलांचं काम. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते पिठातलं पाणी पितात, आणि ओले घातले तर पीठ चिकट होतं, म्हणून भिजवणं आणि कोरडं करणं दोन्ही हवं. मळणं किशोरवयीन मुलांना. त्यांच्यात तेवढी रग असते. कच्चं पीठ कुणालाही चाखू देऊ नका, बोट चाटूनसुद्धा नाही. कच्च्या अंड्यातच नाही, कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. हे मुलांना आधीच सांगा, मळताना ओरडून नव्हे.

आणि सासूबाईंसाठी खुर्ची आणा. त्यांना उभं राहायला लावू नका, पण नुसतं बघायलाही बसवू नका.

माझे बाबा आता शहाऐंशीचे आहेत. ओट्याशी पाच मिनिटं उभं राहवत नाही. चार वर्षांपूर्वी सुट्टीत आम्ही ब्रेडची वेणी घालत होतो आणि माझ्या भाचीला काही केल्या ती जमेना. तीन दोऱ्यांपैकी कुठली कुठून न्यायची यात ती अडकायची, मग चिडून सगळं उलगडायची. बाबा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, ‘आण इकडे.’ ताटलीवर मैदा भुरभुरून तीनही दोऱ्या त्यांच्या मांडीवर दिल्या. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. डावी मधल्यावरून, उजवी मधल्यावरून, प्रत्येक वेळी अंगठ्याने जरासं दाबून, दोरी न ताणता. मी शाळेत असताना आईची नोकरी पहाटेची होती आणि सात वर्षं माझ्या दोन वेण्या रोज बाबांनीच घातल्या होत्या. हे भाचीला माहीत नव्हतं. मलाही त्या क्षणापर्यंत ते आठवलं नव्हतं. अंगठ्याने दाबायची ती खास लकब बघितली आणि डोक्यावर ती दाबणी जाणवली. तेव्हापासून वेणी बाबांची. गेल्या वर्षी दोन दोऱ्यांमध्ये त्यांचा हात थांबला, क्रम विसरला. भाचीने न बोलता डावी दोरी उचलून मधल्यावर ठेवली आणि पुढची त्यांनी घातली.

तांत्रिक सांगायचं तर त्यांची पद्धत बरोबरच आहे. वेणी सैल घालावी, कारण प्रत्येक दोरी अजून फुगायची असते. घट्ट घातली तर भाजताना बगला फाटतात. दोऱ्या मध्ये जाड आणि टोकांना निमुळत्या ठेवा. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे गेलात तर वेणी एकसारखी दिसते. टोकं आत दुमडा.

मी आठवीत आहे. सुट्टीत मी पिठातच भरपूर दालचिनी घातली तर ब्रेड फुगलाच नाही. आई म्हणते योगायोग. दादा म्हणतो दालचिनीने यीस्ट मरतं. कोण बरोबर?
*आठवीतली बेकर*

तुझा दादा बराचसा बरोबर आहे. दालचिनीला जो वास येतो तो मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड नावाच्या द्रव्याचा, आणि ते बुरशीवर्गातल्या जीवांची वाढ रोखतं. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच आहे. चिमूटभर दालचिनी चालून जाते, दोन-तीन चमचे पिठातच घातलेस तर यीस्ट दबतं. आईला सांग, की योगायोग नव्हता, पण तिच्यावर चिडू नकोस.

दालचिनी पिठात नको, सारणात घाल. पीठ लाटून त्यावर ब्राऊन शुगर आणि दालचिनी पसरून गुंडाळी करायची. इथे आणखी एक खाचखळगा आहे. लाटलेल्या पिठावर खूप लोणी फासलं तर भाजताना थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि कापल्यावर मध्ये भुयार दिसतं. त्याऐवजी दुधाचा किंवा अंड्याच्या पांढऱ्याचा हलका हात फिरव. गुंडाळी घट्ट कर.

प्रयोग करायची तुझी खुमखुमी दिसतेय म्हणून सांगते, ताजा अननस, किवी किंवा कच्ची पपई पिठात घालू नकोस. त्यांतली विकरं प्रथिनं तोडतात, म्हणजे मळून तयार केलेली जाळीच विरघळते. अननस शिजवून घातलास तर हरकत नाही, उष्णतेने ती विकरं निकामी होतात. खात्री करायची असेल तर पिठाचे दोन छोटे गोळे घे, एकात ताजा अननस, एकात शिजवलेला. तासाभराने मला काय दिसलं ते कळव. छापीन.

वरून काळाकुट्ट, आत कच्चा. दर वेळी.
*वैतागलेला बाप*

गोड ब्रेड साध्या ब्रेडच्या तापमानावर भाजता आहात. साखर, दूध आणि अंडं असलं की वरचा भाग झपाट्याने रंगतो. साखर आणि प्रथिनं उष्णतेत एकमेकांशी जुळून हा तपकिरी रंग आणि वास देतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, तिला त्यांचंच नाव आहे. २२० अंशांवर ही क्रिया आतला भाग शिजायच्या कितीतरी आधी उरकते. १७० ते १७५ अंश ठेवा, मोठ्या वेणीला ३० ते ३५ मिनिटं लागतील. विसाव्या मिनिटाला रंग मनासारखा आला असेल तर वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर टाका. ओव्हनच्या खटक्यावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात बऱ्याच वेळा तफावत असते, त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर फार डोकेदुखी वाचेल.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. टोचायचा थर्मामीटर मधोमध ८८ ते ९३ अंश दाखवत असेल तर झाला. आणि बाहेर काढल्यावर निदान तासभर सुरी लावू नका. आतली वाफ अजून स्थिरावत असते, गरम कापलात तर शिजलेला ब्रेडसुद्धा चिकट, कच्चा वाटतो. तुमच्या ‘कच्चा’मधला काही भाग हाच असावा अशी मला शंका आहे.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू का, असं अनेकांनी विचारलंय, ते इथेच सांगून टाकते. ठेवू नका. ब्रेड शिळा होतो तो निव्वळ सुकल्यामुळे नव्हे. हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला ब्रेडही कडक होतो, हे बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं. शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो आणि फ्रिजच्या गारव्यात हे सर्वांत वेगाने घडतं. दोन-तीन दिवसांत संपणारा असेल तर बाहेर, बंद डब्यात. नाहीतर कापून थेट फ्रीझरमध्ये, आणि खाताना फोड तशीच गरम करायची. गरम केल्यावर स्टार्च सैल होतो आणि ब्रेड थोडा वेळ ताज्यासारखा लागतो.

मुलगा यंदा सुट्टीत येऊ शकत नाही. लहानपणापासून ब्रेड आम्ही दोघंच करायचो. पाठवायचा विचार केला, पण पोचेपर्यंत चार-पाच दिवस लागतील. काय करू?
*एक आई*

ब्रेड पाठवू नका, प्रमाण पाठवा. ग्रॅममध्ये लिहा, म्हणजे तिकडची वाटी आणि इकडची वाटी हा घोळ राहत नाही. मग एक वेळ ठरवून दोघांनी व्हिडिओ कॉल लावून एकदम मळायला घ्या. फोन डब्याला टेकवून ठेवा, चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे तोंड करून. मळताना चेहरे बघायची गरज नसते आणि हात बघत बोलणं जास्त मोकळं होतं, हा माझा अनुभव आहे.

मळून झालं की कॉल बंद करा, कारण इथून पुढे तुमची वेळ जुळणार नाही. त्याचं घर थंड असेल तर त्याचं पीठ तुमच्यापेक्षा तास-दीड तास मागे राहील. तुमचं आधी फुगलं तर त्याला घाई करायला सांगू नका. तुमचं पीठ फ्रिजमध्ये ठेवून द्या, ते निमूट थांबतं. त्याचं दुप्पट झालं की त्याने फोन करावा आणि बोट पिठात बुडवून गोळा कॅमेऱ्यासमोर धरावा. खळगा राहिलाय की भरून येतोय ते तुम्हाला इकडून दिसेल.